सायक्लोब्युटेन बनत नाही? उत्प्रेरक वाढवण्याआधी या चुका टाळा

उजेड शोषून रेणूला ऊर्जा देणारा उत्प्रेरक घालून निळ्या एलईडीखाली दोन दुहेरी बंध जोडले की सायक्लोब्युटेन, म्हणजे चार कार्बनचं वलय, मिळतं. औषध-रसायनात चपट्या रेणूऐवजी असा ताठ, त्रिमितीय सांगाडा हवाच असतो. रिॲक्शन अडली की हात आधी उत्प्रेरकाच्या बाटलीकडे जातो. दोष बहुधा दुसरीकडेच असतो.

स्टायरीनला (बेंझिन वलयाला लागून दुहेरी बंध असलेला रेणू) ट्रिप्लेट या उत्तेजित, जोडणीला तयार अवस्थेत न्यायला मोलमागे सुमारे 60 किलोकॅलरी लागतात. रुथेनियम-बायपिरिडिन या नेहमीच्या उत्प्रेरकाकडे द्यायला पन्नासही नाहीत. 2008 मध्ये रसायनशास्त्रज्ञ योन यांच्या गटाने त्याच रुथेनियमने एनोन (कार्बोनिलशेजारी दुहेरी बंध असलेले रेणू) जोडले खरे, पण इलेक्ट्रॉनच्या देवघेवीने; सोबत लिथियम क्षार आणि अमाईन होतं. (हा क्षार पाणी ओढतो, कूलरसमोर तोलू नका.) स्टायरीनसाठी फ्लोरिनवाला इरिडियम उत्प्रेरक 1 मोल टक्का घ्या. तो महाग पडतो. थायोझँथोन हे धातूविना चालणारं संयुग स्वस्त आहे, पण त्याला 385 ते 400 नॅनोमीटरचा जांभळा दिवा लागतो. निळ्याखाली ते जवळपास स्वस्थ बसतं.

ऑक्सिजन ट्रिप्लेट विझवतो. वर नुसता नायट्रोजनचा फुगा लावून भागत नाही. सुई द्रावणात बुडवून 15-20 मिनिटं आर्गॉन सोडा, किंवा गोठवा-खेचा-वितळवा (द्रावण गोठवून पंपाने हवा काढणं, मग वितळवणं) तीनदा करा. व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये असताना मात्र आर्गॉन सोडायचा नाही: तो आत द्रव होऊन साचतो आणि वितळताना व्हायल फुटते.

आता उन्हाळा. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो आणि डायक्लोरोमिथेन 40 ला उकळतं. दिव्याशेजारी तर उष्णता आणखी. पंखा खोलीच्या तापमानाखाली नेत नाही. थंड पाण्याचं जॅकेट लावा किंवा 82 ला उकळणारं ॲसिटोनायट्राइल वापरा. लाइट गेली तर घाबरू नका, रिॲक्शन फक्त थांबते. वहीत घड्याळाचे नव्हे, दिवा चालू असलेले तास लिहा.

2 मिलीच्या व्हायलमध्ये जमलेलं 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये का फसतं? रुथेनियम-बायपिरिडिनच्या 1 मिलिमोलर द्रावणात 452 नॅनोमीटरचा 90 टक्के उजेड पहिल्या 0.7 मिमीतच संपतो. आतलं द्रावण अंधारात. तिथे उत्प्रेरक वाढवला तर तो थर आणखी पातळ होतो. दहा व्हायल शेजारी-शेजारी लावा, नाहीतर 1 मिमी पोकळीची एफईपी (पारदर्शक फ्लोरोप्लास्टिक) नळी दिव्याभोवती गुंडाळून पंपाने द्रावण फिरवा.

टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) नवा ठिपका दिसला म्हणून लगेच शुद्धीकरणाचा कॉलम भरू नका. हाच उत्प्रेरक ट्रान्स अल्कीनचं सिसही करतो, म्हणजे दुहेरी बंध तसाच राहून फक्त त्याची मांडणी बदलते. प्रोटॉन एनएमआरमध्ये 6-7 पीपीएमचे संकेत टिकून जोड (शेजारच्या प्रोटॉनमुळे संकेत फुटण्याचं अंतर) 16 वरून 12 हर्ट्झवर आली असेल, तर वलय झालेलंच नाही. ते संकेत जाऊन 3-4 पीपीएमला नवे आले पाहिजेत. सोबत तुलनेसाठी एक व्हायल फॉइलमध्ये गुंडाळून आणि एक बिनउत्प्रेरकाची ठेवा.