जुनी स्पोर्ट बाइक घेताय? या चुका टाळा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत यामाहाची जुनी आरएक्स १०० विकायला निघाली की जाहिरातीतली वाक्यं ठरलेली असतात. 'डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर, इंजिन खोललेलं नाही, बघाल तर घेऊनच जाल.' एवढे सगळे डॉक्टर टू-स्ट्रोक फिरवत होते, तर दवाखान्यात कोण बसत होतं देव जाणे.

हौसेच्या गाड्यांची यादी आता बरीच लांबली आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून राजदूत नावाने विकलेली आरडी ३५०, १९८५ ते १९९६ दरम्यान निघालेली आरएक्स १००, हीरो होंडाच्या १९९९ ची सीबीझेड आणि २००३ ची करिझ्मा, आणि आता यामाहाची २००८ ची पहिली आर१५ सुद्धा. या सगळ्यांचा खरा भाव दोन गोष्टींवर ठरतो: कागदाशी जुळणारे नंबर आणि जागेवर असलेले मूळ भाग. बाकीचं पैसे टाकून कधीही करता येतं. लोक मात्र नेमकं बाकीचंच बघून भुलतात.

रंग बघून भाव ठरवणं

नव्याने रंगवलेली, क्रोम मारलेली गाडी समोर आली की मी आधी सावध होतो. ताज्या रंगाखाली गंज, वेल्डिंग, पुट्टी काहीही लपतं. उलट टाकीचा रंग उडालाय, स्टिकर सोललाय, पण साइड पॅनल, मीटर, टेल लॅम्प, सायलेन्सर सगळं कंपनीचं आहे, अशी गाडी दिसली तर दोन पैसे जास्त द्यावेत. गाडी पुन्हा केव्हाही रंगवता येईल, पण उडालेला कंपनीचा रंग कोणी परत आणून देत नाही. शिवाय मूळ रंग बदलला असेल आणि आरसीवर जुनाच असेल, तर ती कटकटही तुमच्याच गळ्यात.

नंबर वरवर बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे घाई करू नका. टॉर्च, फडकं, थोडं रॉकेल, कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन जा. हँडलखाली फ्रेमच्या मानेवर चेसिस नंबर असतो. जागा पुसा, कागद धरा, पेन्सिल आडवी घासा आणि छाप उजेडात बघा. कंपनीच्या पंचची अक्षरं सारख्या खोलीची आणि एका ओळीत असतात. हाताने हातोडी मारून उठवलेली वरखाली होतात, एखादा आकडा खोल, एखादा उथळ. आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा दिसल्या किंवा तेवढीच जागा गुळगुळीत लागली, तर चहा न घेता निघा. इंजिनच्या क्रँककेसवरचा नंबरही असाच तपासा आणि दोन्ही आकडे आरसीशी एकेक अक्षर लावून बघा.

'इंजिन बदललंय, पण सेम मॉडेलचंच आहे' हे वाक्य फार ऐकायला मिळतं. बदललं असेल तर आरसीवर नोंद हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच बदलांविषयी आहे. नोंद नसलेली गाडी संग्राहकाच्या दृष्टीने सुट्या भागांचा ढीगच, आणि भावही ढिगाचाच लावायचा.

पाटीवरचा नंबरही बोलतो. एमएच-४३ ही नवी मुंबईची मालिका आरएक्स १०० बंद झाल्यानंतरची. म्हणजे एमएच-४३ लावलेली आरएक्स १०० बाहेरून येऊन इथे पुन्हा नोंदलेली असणार. १९८४ च्या आरडीवर ठाण्याचं एमएच-०४ दिसलं तरी तेच, कारण एमएच पद्धत त्यानंतर आली. यात गैर काही नाही, पण मागची एनओसी आणि जुना नंबर विचारा. उत्तर देताना विकणारा अडखळला तर काय ते समजा.

'टीटी फॉर्मवर सही आहे, बाकी तुम्ही बघा'

सही केलेले कोरे टीटी (मालकी ट्रान्सफरचे) फॉर्म हातात घेऊन गाडी आणू नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओतून आणायची असेल तर एनओसीसाठी २८, बँकेचा बोजा उतरवायला ३५. जुन्या गाड्यांत नेहमी सापडणारी भानगड वेगळीच असते: आरसी वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, मुलगा विकतोय. तिथे फॉर्म ३१ ने आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. भावंडं असतील तर त्यांची संमतीही. नाहीतर गाडी तुमच्या पार्किंगमध्ये आणि धाकटे काका फोनवर.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, जुनी ई-चलनं थकलीत का, हेही बघा. आरसी जुन्या पुस्तकाची असेल आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या ऑनलाइन नोंदीत गाडीच दिसत नसेल, तर ती नोंद चढवायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका. थकलेली रक्कम किमतीतून वजा होते, हे मात्र हसतमुखाने सांगायचं.

गरम इंजिनावर विश्वास ठेवणं

तुम्ही पोचता तेव्हा गाडी 'आत्ताच फिरवून आणली' असते. सिलिंडरला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन चोक देऊन दोन-तीन किकमध्ये उठलं पाहिजे. सुरुवातीचा निळसर धूर टू-स्ट्रोकला शोभतो. गरम झाल्यावरही धुराचे लोट निघत असतील आणि गिअर ऑइलची पातळी घटत असेल, तर क्लच बाजूचं क्रँक सील गेलेलं असतं आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. आयडलिंग आपोआप चढतं, रेस सोडल्यावर आवाज लवकर खाली येत नाही, ही लक्षणं हवा गळतीची. मॅग्नेटो बाजूचं सील सुकलं की असं होतं. तशीच पळवली तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टन चिकटतो, आणि मग बोअर-पिस्टनचा खर्च तुमचा.

आरडीला दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर. दोघांच्या मागे थोड्या अंतरावर हात धरा. धक्का आणि ऊब सारखी लागली पाहिजे. एक बाजू मंद वाटली तर तिथे कॉम्प्रेशन किंवा कार्ब्युरेटरचं काम आहे. आरडी हाय टॉर्क आणि लो टॉर्क अशा दोन प्रकारांत निघाली, पण 'हाय टॉर्क आहे' एवढ्यावर भाव चढवू देऊ नका. हाय टॉर्क ३०.५ बीएचपीची, लो टॉर्क २७ ची, पण साइड पॅनलवरचा स्टिकर कोणीही लावतो. दोन्ही प्रकारांची इंजिनं हाताळलेला मेकॅनिक बरोबर न्या.

आरएक्सच्या बाबतीत आरएक्स १३५ ला १०० चा वेष चढवण्याचा उद्योग जोरात चालतो. १०० चं बोअर ५० मिमी, १३५ चं ५८, स्ट्रोक दोन्हींचा ५०. हेड उघडायची परवानगी मिळाली तर व्हर्नियर कॅलिपरने माप घ्या, वाद संपला. तेव्हाच पिस्टनवर ओव्हरसाइजचा (झिजलेलं बोअर मोठं करून बसवलेल्या मापाचा) आकडाही बघून घ्या. ०.२५ च्या टप्प्यांनी वाढत बोअर शेवटच्या मापाला पोचलं असेल, तर पुढच्या वेळी नवी स्लीव्ह किंवा नवा बॅरल.

पाम बीचवर चालवून खूश होणं

पाम बीच रोड सरळ आणि सपाट, तिथे कुठलीही गाडी मखमली वाटते. बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी तिथेच, म्हणजे क्लच घसरतोय. उतरल्यावर बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. गरम असताना न उठणारी गाडी इग्निशनचं दुखणं घेऊन फिरत असते.

फेअरिंगवाल्या निन्जा २५०आर किंवा आर१५ ला वेगळी नजर लागते: हँडलची टोकं, लिव्हर, फेअरिंगचे मोडलेले कान, फोर्कवर तेल, हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं तो स्टॉपर चेपलेला आहे का. पडलेली गाडी इथेच सापडते.

खाडीच्या हवेचं आणि पुराचंही लक्षात ठेवा. २००५ च्या २६ जुलैला या पट्ट्यात कित्येक गाड्या बुडाल्या होत्या. हेडलाइट उघडून वायरिंगचे जोड बघा. हिरवट थर दिसला तर हार्नेसचा खर्च धरा. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुन्या कार्ब्युरेटरचे रबरी भाग फुगतात, तिथली गळतीही तपासा.

जाहिरातीतला आकडा हाच भाव समजणं

जाहिरातीत मागणी लिहिलेली असते, सौदा कितीला झाला ते कोणी छापत नाही. गाडीत काय नाही त्याची यादी करा आणि प्रत्येक भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरून, दोन-तीन मेकॅनिकना विचारून किमतीला लावा. कॉपी माल स्वस्त असतो, म्हणून वजावट करताना मूळ भागाचीच किंमत धरा. एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवायला लावतात तो सायलेन्सर) लावलेला असेल तर काढलेला मूळ सायलेन्सर पोत्यात जपलाय का, ते विचारा. जपला असेल तर भाव टिकतो, विकला असेल तर तेवढे पैसे कमी.

विम्याची बोलणीही सौद्याआधीच करा. पाच वर्षांहून जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. काहीच बोलला नाहीत तर लाखाच्या गाडीला थर्ड पार्टीच मिळते आणि चोरी झाली तर हातात एफआयआरची प्रत. फोटो, बिलं, कामाचा तपशील जोडून मूल्य लिहून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. थोडी रक्कम ट्रान्सफर होईपर्यंत राखून ठेवा आणि टोकनच्या पावतीवर तसं लिहा.