स्मरणिकेची फाइल प्रेसला देताना

मंडळाच्या स्मरणिकेचं काम गळ्यात पडलं की लगेच सॉफ्टवेअर उघडू नका, आधी प्रेसला फोन लावा. कागद कोणता, ब्लीड (पानाबाहेरची, कटिंगमध्ये जाणारी जादा कड) किती, पीडीएफ चालेल की कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचीच फाइल हवी, हे विचारून घ्या. सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना) मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. मजकूर ३० पानांचा असला तरी ३२ धरा. शेवटच्या दिवशी एखादा जाहिरातदार उगवतोच.

आकार ए५ धरू, १४८ × २१० मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून पान १५४ × २१६ होतं. कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो ब्लीडपर्यंत ओढा, नाहीतर कटिंगनंतर सुताएवढी पांढरी रेघ उरते. मजकूर कडेपासून ८-१० मिमी आत.

फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) हवा. ब्लीडसह पूर्ण पानासाठी सुमारे १८१९ × २५५१ पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, तेव्हा ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे अध्यक्षांनाही सांगा. सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयचा आकडा ७२ खोडून ३०० लिहिल्यानं फोटो सुधारत नाही.

रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांत. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी कागदावर मंद होणारच. मजकुराचा काळा मात्र निव्वळ के १०० (फक्त काळी शाई, १०० टक्के) ठेवा. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतला काळा सीएमवायकेत बदलताना चार शायांत वाटला जातो आणि छपाईत रंग केसभर सरकला तरी अनुस्वार, रफार, उकार भुरकटतात.

मराठीची खरी गोची फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं ती पद्धत) वेगळंच दुखणं: इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. कोरलमध्ये शेवटी सगळं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवा, पण त्याआधीची फाइल जपून ठेवा. कर्व्ह झालेल्या मजकुरात साधा काना टाइप करून घालता येत नाही.

प्रेसनं वेगळं सांगितलं नसेल तर पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) काढा, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच घालून. पानं सुटी आणि क्रमानं द्या; फॉर्मात (बरीच पानं एकत्र छापायच्या मोठ्या कागदावर) कुठलं पान कुठे बसवायचं ते प्रेस बघते.

मग त्याच पीडीएफची १०० टक्के आकारात प्रिंट काढा. देणगीदारांची नावं दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण आपल्याला आपली चूक दिसत नाही आणि देणगीदाराला तेवढीच दिसते.