आखेनमधले पहिले आठवडे : आधी पत्ता, मग बाकी सारे

जर्मनीत मास्टर्स करायला निघालेल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात : थंडी किती असते, कुकर न्यावा का, नोकरी लगेच मिळते का. पुण्यात यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात आलो आणि पुढे दर सप्टेंबरात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना उतरवून घ्यायला स्टेशनवर जात राहिलो. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, की पहिल्या महिन्याचा सगळा भार एकाच गोष्टीवर असतो. आपले नाव जिथे अधिकृतपणे नोंदवता येईल असा राहण्याचा पत्ता, ही ती गोष्ट. तो हातात असलेला विद्यार्थी ऑक्टोबरच्या मध्यावर तास सुरू होतात तेव्हा वर्गात बसलेला असतो आणि तो नसलेला त्याच वेळी या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत असतो.

याचे कारण व्यवस्थेतच आहे. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन नोंदणी करावी लागते. सगळे जण तिला ‘आनमेल्डुंग’ असेच म्हणतात. या नोंदणीसाठी पासपोर्टइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे घरमालकाने सही करून दिलेला दाखला, की अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते. नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले की बँकेतले चालू खाते उघडणे सोपे होते, खाते उघडले की ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या, दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातले) दरमहाचे पैसे त्यात येऊ लागतात, आणि कर ओळख क्रमांक, निवास परवाना, मोबाइलचा दीर्घ मुदतीचा करार ही कामेही त्याच प्रमाणपत्राच्या आधाराने होतात. पहिली कडी निसटली की पुढची सगळी कामे खोळंबतात.

म्हणून प्रवेशपत्र हाती पडले त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहांसाठी अर्ज करावा. आखेनमध्ये ही वसतिगृहे श्टुडिरेंडनवेर्क ही संस्था चालवते, भाडे बाहेरच्या मानाने कमी असते आणि त्यामुळेच प्रतीक्षायादी लांब असते. तोवर ‘व्हेगे’त, म्हणजे तीनचार जणांनी मिळून घेतलेल्या घरातल्या एखाद्या खोलीत, किंवा कोणी काही महिन्यांसाठी बाहेरगावी गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोलीत राहता येते. अशी खोली पाहताना भाड्याच्याही आधी विचारण्याचा प्रश्न एकच : इथे आनमेल्डुंग होईल का? उत्तर नाही असेल, तर ती खोली चार दिवसांच्या मुक्कामाला ठीक समजावी आणि शोध चालू ठेवावा. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आधी अनामत पाठवा, असे कोणी सांगू लागले तर संवाद तिथेच थांबवावा. घर किंवा निदान व्हिडिओ कॉलवर घरातली माणसे पाहिल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. कायद्यानुसार अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे. घरून मर्यादित पैसे घेऊन आलेल्यांनी हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे.

आखेनपुरता एक इशारा. शहराच्या पश्चिम कडेला नेदरलँड्सची हद्द लागते आणि पलीकडचे फाल्स हे गाव विद्यापीठाला अगदी जवळ आहे. तिथली खोली मोहात पाडते. पण आपला व्हिसा जर्मनीत राहण्यासाठी असतो. दोन्ही देश शेंगेन या सामायिक प्रवासक्षेत्रात असल्यामुळे सीमा ओलांडून फिरायला हरकत नसली, तरी भारतीय विद्यार्थ्याला त्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये घर करता येत नाही.

नोंदणीच्या टेबलावर दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव असते आणि जर्मन कार्यालये ते तुमचेच दुसरे नाव म्हणून नोंदवतात. त्याने काही बिघडत नाही, मात्र विद्यापीठ, विमा, बँक आणि नगरपालिका या चारही ठिकाणी नाव अक्षर न अक्षर सारखे असले पाहिजे. दुसरी गोष्ट धर्माच्या रकान्याची. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असे लिहिल्यास पुढे आयकर लागू झाल्यावर त्याच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर वेगळा कापला जातो. वसईहून आलेल्या माझ्या एका मैत्रिणीने तो आनंदाने भरला, कारण तिला तिथल्या चर्चशी नाते जोडायचे होते. निर्णय ज्याचा त्याचा, पण तो समजून घेतलेला असावा.

आता टपालपेटी. जर्मनीत इमारतीतल्या घरांना सहसा क्रमांक नसतात. दाराची घंटा आणि टपालपेटी यांवरचे आडनाव हीच घराची ओळख. बँकेचे कार्ड एका पाकिटात येते, त्याचा गुप्त क्रमांक काही दिवसांनी दुसऱ्या पाकिटात. विम्याचे कार्ड, कर क्रमांक, सगळे टपालाने. पेटीवर तुमचे आडनाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो, आणि मग तोच अर्ज पुन्हा, तीच प्रतीक्षा पुन्हा. खोलीत सामान टाकल्यावर, आंघोळीच्याही आधी, कागदाच्या पट्टीवर ठळक रोमन अक्षरांत आडनाव लिहून ते पारदर्शक चिकटपट्टीने पेटीवर लावावे. आलेले प्रत्येक पत्र उघडून त्याच दिवशी वाचावे. काही आठवड्यांत रेडिओ-दूरदर्शन शुल्काचे पत्रही येते. टीव्ही नसला तरी दर घराला महिन्याला १८.३६ युरो हे शुल्क लागते. ती फसवणूक नव्हे. एकत्र घरात राहणाऱ्यांपैकी एकाने भरले की पुरते, बाकीच्यांनी त्याला वाटा द्यावा.

पैशांचे गणित निघण्यापूर्वीच मांडावे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण पहिला हप्ता चालू खाते उघडल्यावरच हाती येतो, आणि अनामत, पहिले भाडे, गादी, भांडी हा खर्च त्याच्या आधीचा असतो. दीड-दोन महिने निघतील एवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर आणि थोडी रोखीत सोबत असू द्यावी. आरडब्ल्यूटीएचच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांना शिकवणी शुल्क नाही. दर सत्राला सुमारे तीनशे युरो भरावे लागतात आणि त्यातच प्रवासाचे सत्र-तिकीट येते. हे तिकीट १ ऑक्टोबरपासून चालते, तेव्हा सप्टेंबरात आल्यास बसभाडे वेगळे धरावे. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांनी सरकारी व्यवस्थेतला आरोग्य विमाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. खासगी विमा स्वस्त दिसतो, पण तो निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. विद्यापीठाची नोंदणी पूर्ण होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा लागतो. तातडीच्या वेळी ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हे क्रमांक फोनमध्ये असावेत.

अभ्यासाविषयी मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे, कारण इथेच हुशार मुले गोंधळतात. आपल्याकडे हजेरी, अंतर्गत गुण, असाइनमेंट असे टेकू असतात. इथे बहुतेक विषयांत हजेरी कोणी घेत नाही, तास संपल्यावर मुले बाकावर बोटांनी टकटक करून प्राध्यापकांना दाद देतात आणि निघून जातात, आणि महिनोन्‌महिने कोणीही तुमच्या अभ्यासाची चौकशी करत नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकच परीक्षा आणि तिच्यावर सगळा विषय. शिवाय विषयाला नाव घालणे आणि परीक्षेला नाव घालणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी झाली असे समजून परीक्षेच्या दारातून परतलेली मुले मी पाहिली आहेत. बहुतेक परीक्षांना तीनच संधी असतात. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झाल्यास अभ्यासक्रमच सोडावा लागतो. त्यामुळे तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेणे हा शहाणपणा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या आठवड्यातच आपल्या विभागाच्या ‘फाखशाफ्ट’मध्ये, म्हणजे विद्यार्थी मंडळात जावे. जुन्या प्रश्नपत्रिका, कोणते विषय एका सत्रात एकत्र घेऊ नयेत याचे अनुभवाचे बोल, आणि गट करून उदाहरणे सोडवणारी मुले तिथे भेटतात. व्याख्यानापेक्षा ‘युबुंग’, म्हणजे उदाहरणे सोडवण्याचा तास, अधिक मोलाचा. तो चुकवू नये. १२० क्रेडिट चार सत्रांत, म्हणजे सत्राला ३०, हा कागदावरचा हिशेब पहिल्या सत्रात पाळलाच पाहिजे असे नाही. नवी भाषा, नवे घर आणि नवी परीक्षापद्धती यांच्यासह २० ते २५ क्रेडिट नीट पार पडले तरी सुरुवात चांगली झाली. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे, की इथे १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण.

नोकरीची घाई पहिल्या सत्रात करू नये. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि विद्यापीठातल्या साहाय्यक विद्यार्थ्याचे काम, ज्याला ‘हिवी’ म्हणतात, या मर्यादेत धरले जात नाही. एखाद्या विषयात चांगला गुण पडल्यावर त्याच प्राध्यापकांच्या संस्थेत ते काम मागावे.

खाण्यापिण्याचे फार मनावर घेऊ नये. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, दुपारचे जेवण स्वस्त मिळते आणि शाकाहारी पदार्थ रोज असतात. डाळ-तांदूळ आणि मसाले शहरात मिळतात. गोडा मसाला मात्र घरून आणावा. कुकर लहान आणि इंडक्शनवर चालणारा घ्यावा. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी, कारण धुराचा गजर वाजला तर सगळी इमारत बाहेर येते. रविवारी दुकाने बंद असतात, आणि ३ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर या सुट्ट्या नेमक्या आपल्या पहिल्या आठवड्यांत येतात. किराणा आदल्या दिवशीच आणावा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जाते आणि भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते. डिसेंबरात आखेनमध्ये साडेआठला उजाडते आणि साडेचारला मावळते. या काळात मन खचले तर ते दुबळेपणाचे लक्षण समजू नये. दुपारी उजेड असताना रोज चालायला बाहेर पडावे, आणि घरी फोन करण्याची वेळ बांधून घ्यावी; इथले साडेपाच म्हणजे घरचे रात्रीचे दहा, तेव्हा आईवडील निवांत असतात. तरीही बरे वाटेना तर विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे जावे, तिथे इंग्रजीतही बोलता येते.

हे सगळे मार्गी लागत असताना पासपोर्टमधल्या व्हिसाची शेवटची तारीख पाहून ठेवावी. प्रवेशाचा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो, आणि परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ, म्हणजे ‘टर्मिन’, लगेच मिळत नाही. मुदत संपण्यापूर्वी निवास परवान्याचा अर्ज दाखल झाला असेल, तर निर्णय येईपर्यंत तुमचे वास्तव्य कायदेशीर राहते आणि तसा दाखलाही मागता येतो. म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र, विम्याचा दाखला, विद्यापीठाचे नोंदणीपत्र, पैशांचा पुरावा आणि बायोमेट्रिक फोटो एका धारिकेत लावून तो अर्ज दिवाळीच्या सुमारासच पाठवून द्यावा.