ओटीवर जनावरांच्या गोष्टी वाचायच्या तर

पावसाळ्यात दर शनिवारी दुपारी आमच्या ओटीवर दहा-बारा मुलं जमतात. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मुलं अजून 'बाई'च म्हणतात. गाव गणपतीपुळ्याजवळ. ओटीला लागून गोठा, पायरीवर मोती कुत्रा. गेली सहा वर्षं इथे फक्त जनावरांची पुस्तकं वाचली जातात. आपल्या वाडीत कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर माझ्या चुका तरी कामाला येतील.

पुस्तक आधी स्वतः वाचून काढा, आणि शेवटच्या पानापर्यंत. पाळीव जनावराच्या चांगल्या गोष्टीत ते जनावर बहुधा मरतं. बंगाली लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'महेश' ही गोष्ट घ्या. गफूर नावाचा गरीब विणकर, आई नसलेली मुलगी अमिना आणि म्हातारा बैल महेश. वैरण मिळेना तेव्हा गफूर स्वतःच्या छपराचं गवत उपसून त्याला घालतो. आमच्या मुलांची घरं आता कौलांची आणि स्लॅबची, पण आजीकडून शाकारणीच्या गोष्टी ऐकलेल्या, त्यामुळे छपराचं गवत काढणं म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. पुढे उन्हाळ्यात अमिनेने मिनतवारीने आणलेल्या पाण्याची घागर महेश फोडतो, आणि नुकताच तापातून उठलेला गफूर रागाच्या भरात नांगराचं लाकूड त्याच्या डोक्यात घालतो. महेश तिथेच मरतो.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा इथे कच खाल्ली. बैल दुसऱ्या गावी पाठवला, असं तोंडाला येईल ते सांगून पुस्तक मिटायला लागले. सहावीतली एक मुलगी पुढे सरकली. पंधरा दिवसांपूर्वी तिचा पाडा फुरसं (विषारी साप) चावून मेला होता. तिने पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, अजून दोन पानं आहेत."

वाचली मग दोन पानं.

तेव्हापासून माझी रीत अशी. मरणाचा प्रसंग आला की आवाज जड करायचा नाही, आधीच्याच चालीने वाचायचं. 'देवाघरी गेला' म्हणायचं नाही, पुस्तकात 'मेला' असेल तर मेला. वाचून झालं की प्रश्न विचारायचे नाहीत. मी उकडलेल्या फणसाच्या आठळ्यांची परात मध्ये सरकवते. हात सोलण्यात गुंतले की कुणीतरी आपणहून बोलतं. त्या दिवशी एकाने बिबट्याने अंगणातून उचललेल्या कुत्र्याची हकिगत सांगितली. घरात दोन वर्षांत त्याने ती काढली नव्हती म्हणे. (आठळ्या खाल्लेले हात धुतल्याशिवाय पुस्तकाला लावू देऊ नका.)

दुसरी गोष्ट, पुस्तकातलं जनावर दारातल्या जनावराशी ताडून बघा. ॲना सेवेलचं 'ब्लॅक ब्यूटी' १८७७ सालचं, इंग्लंडमधलं, आणि सांगणारा स्वतः घोडा. त्यात श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान वर ताठ राहावी म्हणून एक पट्टा आवळलेला असतो. दिसायला रुबाब, पण चढावर घोड्याला मान खाली घालून जोर लावता येत नाही. आमच्या मुलांना घोडा ठाऊक तो पुळ्याच्या किनाऱ्यावर फेरी मारणारा. पट्ट्याने एवढं काय होतं, हे त्यांना कळेना. मी सांगत बसले नाही. वाडीत नांगराची एकच जोडी उरली आहे, बाकी सगळीकडे पॉवर टिलर. मुलांना बांधावर नेलं. चिखलात नांगर अडला तसे बैलांनी मान खाली घातली, खांदा पुढे केला आणि ओढून काढला. येताना प्रत्येकाने पाठीवर दप्तर घेऊन, हनुवटी वर धरून आमची घाटी चढायची असं ठरलं. पंधराव्या पायरीला सगळे खाली बघायला लागले. पट्ट्यावर पुन्हा प्रश्न आला नाही.

यासाठी एक वही ठेवा. डाव्या पानावर 'पुस्तकात', उजव्या पानावर 'आपल्या दारात'. पुस्तकात कुत्रा शेपूट हलवतो म्हणजे खूश. मुलांनी मोतीला आठवडाभर बघितलं आणि उजवीकडे लिहिलं : आम्ही आलो की कंबरेपासून सगळा हलतो, परका कुत्रा आला की शेपूट उंच, ताठ, नुसतं टोक हलतं आणि मग भांडण. असल्या नोंदींमुळे कुत्र्याच्या तोंडी माणसाची भाषणं घालणारी पुस्तकं मुलं आपणच बाजूला ठेवतात. मला तीही थोडी आवडतात, पण मतदानात मी हरते.

नववी-दहावीची मुलं असतील तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' घ्या. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. नवा नर टोळी ताब्यात घेताना पिल्लं मारतो, त्यामुळे लहानांसमोर नको. आणि आमच्याकडे माकडांनी नारळ, आंबे, पपया काही ठेवलेलं नाही, तेव्हा गोष्टीपेक्षा तक्रारीच जास्त होतील, ही तयारी ठेवा.

पुस्तकांसाठी लांब जायला नको. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८पासूनचं आहे, आणि तालुक्याच्या वाचनालयांतही जुने अनुवाद सापडतात. फक्त आणलेलं पुस्तक ओटीवर ठेवू नका, आठ दिवसांत बुरशी धरते. मी चुलीच्या वरच्या फळीवर उभी ठेवते, मध्ये बोटभर जागा सोडून. उघडीप मिळाली की पानं फिरवून वारा द्यायचा, कडक उन्हात टाकायचं नाही.

वाचताना कुत्रा जवळ असावा, पण त्याच्या जेवणाच्या वेळी नको. ओरखडा किंवा दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात, कुत्रा घरचा असला तरी. हळद-चुना काही लावायचं नाही.

त्या मुलीकडे यंदा नवा पाडा आहे. गेल्या शनिवारी तिने वहीत उजव्या पानावर लिहिलं : 'मी वाचते तेव्हा त्याचे कान माझ्याकडे. बाई वाचतात तेव्हा नाहीत.'