थंड पाण्यातल्या कोरलवर थीसिस घेताय? आधी कॅमेऱ्याचा कोन विचारा

माझा थीसिस अजून संपलेला नाही, त्यामुळे जे लिहितोय ते सगळं ताजं आहे. विषय चिलीच्या पॅटागोनियातला कोमाऊ फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेला समुद्राचा अरुंद, खोल फाटा), तिथल्या उभ्या कड्यांवरचं डेस्मोफायलम डायन्थस हे थंड पाण्यातलं कोरल. एरवी खोल समुद्रातलं, पण तिथे वीसेक मीटरवरच भेटतं. याच्यात झूझँथेली, म्हणजे उजेडावर अन्न बनवून कोरलला देणारी सूक्ष्म शैवालं, नसतात, त्यामुळे उजेड नसला तरी याचं काही अडत नाही, प्लँक्टन आणि क्रिल पकडून पोट भरतं.

आता नीट वाचा. वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज कोणी हातात दिलं तर त्यावरून कोरलची घनता (दर चौरस मीटरला किती) काढायला बसू नका, अजिबात नाही. वरून सतत गाळ पडत असतो, तो प्रत्येक कपारीच्या माथ्यावर साचतो, आणि कोरल असतं कपारीच्या खालच्या बाजूला, तोंड खाली करून लटकलेलं. कॅमेऱ्याला दिसतो फक्त करडा गाळ, आपण शीटमध्ये शून्य टाकतो, आणि तसे शून्य भरत जातात. शिवाय उभा कडा वरून बघितला तर नकाशावर नुसती पट्टी दिसते, म्हणजे क्षेत्रफळही चुकलं. मापासाठी टाकलेले लेझरचे दोन ठिपके एकमेकांपासून दहा सेंटीमीटरवर सेट केलेले असले तरी तिरक्या खडकावर ते फाकतात, मग पॉलिपची (कोरलच्या एकेका जिवाची) साइजही गेली. आणि एवढं होऊनही ग्राफ सुंदर येतो, पी-व्हॅल्यू मस्त येते, कुणाला शंकाही येत नाही! माझे कित्येक महिने यातच गेले.

सेल्टिक समुद्राच्या कडेच्या व्हिटार्ड कॅन्यनमध्ये संशोधकांनी आरओव्हीवरचा (जहाजावरून केबलने चालवायच्या पाणबुडी रोबोवरचा) मल्टीबीम सोनार, म्हणजे आवाजाच्या अनेक झोतांनी नकाशा काढणारं यंत्र, समोर बघेल असा बसवला, तेव्हा कुठे १३५० मीटर खोलीवरचा, लोफेलिया या थंड पाण्यातल्या कोरलने भरलेला १२० मीटर उंच कडा नकाशावर नीट आला. २०११ चा पेपर आहे, पहिल्याच आठवड्यात वाचा.

घाबरू नका पण. डायव्हिंग येत नसलं तरी चालतं, फुटेजवर भरपूर काम आहे. ऑटोमॅटिक अ‍ॅनोटेशनच्या (फ्रेममधले जीव सॉफ्टवेअरने ओळखून खुणा करण्याच्या) मात्र लगेच नादी लागू नका, आधी शेकडो फ्रेम हाताने करा, डोळा बसू द्या. आणि माझं स्पष्ट मत, मोठ्या नावाच्या प्रोफेसरपेक्षा शेजारी बसून फ्रेम बघणारा पोस्टडॉक शंभर पटीने बरा.

गाइडला पहिल्या मेलमध्येच विचारा की कॅमेरा कुठल्या कोनात होता, लेझरमधलं अंतर किती, आरओव्हीचा पिच (पुढे-मागे झुकण्याचा कोन) लॉग केलाय का. उत्तर गोलमोल आलं तर तो डेटा घेऊ नका.