माळ्यावर पडून राहिलेली न्यूटनी दुर्बीण पुन्हा सुरू करताना

न्यूटनी, म्हणजे नळीच्या तळाशी मोठा आरसा आणि तोंडाशी लहान तिरका आरसा असलेली दुर्बीण खाली उतरवली की घरातला एखादा उत्साही माणूस ओलं फडकं घेऊन आरशाकडे धावतो. त्याला आधी थांबवा. घरच्या आरशात चकाकणारा थर काचेमागे सुरक्षित असतो, दुर्बिणीत तो काचेच्या पुढच्या पृष्ठावर उघडा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा हा थर मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढाच जाड असतो. धूळ त्यावर घासली की पडलेले ओरखडे कायमचे.

जुन्या खोक्यात आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचा काळा सूर्य-फिल्टर सापडला, तर तो लगेच फोडून टाका. एकवटलेल्या उन्हाने तापून तो तडकतो आणि क्षणात डोळा जातो.

मग आरसा तपासा. हलकी धूळ असेल तर हातही लावू नका, तिने प्रकाश फारसा कमी होत नाही. अंधारात आरशामागून टॉर्च मारा. चार-दोन बारीक छिद्रं दिसली तर चालेल, पण थर चाळणीसारखा झाला असेल किंवा कडेने सुटत असेल तर धुऊन उपयोग नाही, नव्याने अ‍ॅल्युमिनियम चढवून घ्यावं लागेल. कोकणातल्या दमट घरात बुरशीचे जाळीदार डाग पडतात. ते मात्र लगेच धुवा, कारण बुरशी थर खात जाते.

धुण्याआधी आरशाची बैठक आणि नळी यांवर पेन्सिलने जुळती खूण करा. अंगठी काढून ठेवा. टबात टॉवेल अंथरून आरसा तोंड वर करून ठेवा आणि दोन-तीन मिनिटं नळाची बारीक धार सोडा. सुटे कण आधी वाहून जायलाच हवेत. मग दोन लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून त्यात आरसा पंधरा मिनिटं भिजवा. सर्जिकल कापसाचा बोळा पाण्याखालीच, स्वतःच्या वजनाने, एकदाच सरळ ओढा आणि फेकून द्या. पुढच्या फेरीला नवा बोळा. गोल घासणं नाही, दाबणं नाही. शेवटी अर्धा-एक लिटर डिस्टिल्ड वॉटर ओता, बोअरच्या पाण्याचे क्षार डाग पाडतात. आरसा जवळपास उभा ठेवून वाळवा. उरलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपा. डाग राहिलाच तर राहू द्या.

परत बसवताना आरशाच्या क्लिपा आवळू नका. क्लिप आणि काच यांत कागद सरकेल एवढी फट हवी, नाहीतर तारे त्रिकोणी दिसतात.

फोकसरचं, म्हणजे आयपीस मागेपुढे सरकवणाऱ्या भागाचं, घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं अगदी थोडं लावा. दुर्बीण डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या बैठकीची असेल, तर त्या बैठकीतल्या टेफ्लॉनच्या तुकड्यांना तेल कधीही नाही. तिथलं घर्षण मुद्दाम ठेवलेलं असतं.

आता कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. बहुतेक दुर्बिणी खरं तर इथेच बिघडलेल्या असतात आणि दोष आरशाला दिला जातो. सव्वा इंची फोकसरच्या प्लास्टिक टोपणाला बरोबर मधोमध २ मि.मी.चं भोक पाडा आणि त्यातून बघा. आधी लहान आरसा फोकसरखाली मधोमध आणा. मग त्याचे तीन स्क्रू फिरवून मोठ्या आरशाच्या मध्यावरची खूण मधोमध आणा. हे करताना नळी आडवी ठेवा, म्हणजे हातातून निसटलेली अ‍ॅलन की आरशावर आदळणार नाही. शेवटी मोठ्या आरशामागचे स्क्रू फिरवून टोपणाच्या भोकाचं प्रतिबिंब त्या खुणेत बसवा.

रात्री नळी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून निववा. १२०० मि.मी. नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या) ६ इंची दुर्बिणीला १० मि.मी.चा आयपीस लावला की १२० पट वर्धन मिळतं. ध्रुवतारा मधोमध आणून फोकस किंचित बिघडवा. ताऱ्याच्या जागी दिसणारी गोल कडी एककेंद्री असली की काम जमलं. एका बाजूला झुकलेली दिसली तर मागचा एक स्क्रू पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा मधोमध आणा, मग ठरवा. ध्रुव जागचा हलत नाही म्हणून सोयीचा, पण पुण्यातून तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. हवा थरथरत असेल तर डोक्यावरचा तारा घ्या आणि दुर्बीण सरकवत राहा.

दव पडलेल्या नळीवर लगेच टोपण लावू नका. आधी घरात वाळू द्या, मग सिलिका जेलची पुडी आत टाकून बंद करा.