किट आहेत, खोली आहे का?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षखुडणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची माणसं कुटुंबकबिल्यासह मळ्यांवर येतात. त्यांच्यातल्या गरोदर बायांची नोंद कधी गावाकडे असते, कधी कुठेच नसते. म्हणून आरोग्य उपकेंद्रात एचआयव्ही तपासणीचा दिवस धरायचा तर आशाताईंना आठवडाभर आधी सांगा आणि रोज बुडणार नाही अशी वेळ ठेवा.

आदल्या संध्याकाळी किटची मुदत बघून घ्या. फ्रिजमधली किट आधी बाहेर काढून ठेवा, गार वापरू नका. लॅन्सेट म्हणजे बोटाला टोचायची सुई, हातमोजे, स्पिरिटचा कापूस, टोकदार कचऱ्याचा पांढरा डबा, आणि चालणारं घड्याळ. घड्याळाचा मी हट्टच धरते. निकाल किती मिनिटांनी वाचायचा हे किटमधल्या कागदावर असतं; कंपनी बदलली की वेळही बदलते, आणि आपण गेल्या वर्षीच्याच सवयीने वाचतो. तपासणीची रेघ फिकट उमटली तरी ती रेघच. कंट्रोलची रेघ, म्हणजे किट नीट चालल्याची खूण, आलीच नाही तर चाचणी बाद, नवी किट उघडायची.

सामानाचं एवढंच. अडतं ते खोलीपाशी. लसीकरणाच्या रांगेत "ताई, बोट पुढे करा" म्हणणं ही संमती नव्हे. समजावून संमती घ्यायची, हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातच आहे. दार नसेल तर चादर बांधा, पण चादरीने आवाज अडत नाही, तेव्हा रांग अंगणात बसवा. सासूबाईंना चहा द्या, बाहेरच. बाई कोकणा बोलणारी असेल तर ती बोली येणारी सिस्टर किंवा आशाताई जवळ हवी. तिच्याच टोळीतली दुभाषी मात्र नको.

रेघ आली तर काय बोलायचं, ते आदल्या दिवशीच मोठ्याने म्हणून पाहा. उपकेंद्रातल्या एका चाचणीवर "पॉझिटिव्ह" म्हणायचं नाही. "आणखी तपासण्या करून पक्कं कळेल," एवढंच. ते पक्कं करणं आयसीटीसीचं, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राचं काम, तिथे वेगवेगळ्या तीन चाचण्या होतात. तिथल्या समुपदेशकांना आधीच फोन करून ठेवा, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका. निदान पक्कं झालं तर लगेच औषधं सुरू होतात आणि बाळाला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो, हे तिला त्याच बैठकीत सांगा.

केसपेपरवर खूण नको. एका ठिकाणी कोपऱ्यात लाल पेनाचा गोल पाहिलाय मी; झाडूवाल्या मावशींनाही त्याचा अर्थ ठाऊक होता.

आणि सुई आपल्यालाच टोचली तर? पीईपीच्या, म्हणजे टोचल्यानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या कुठे मिळतात तो नंबर भिंतीवर चिकटवा. जमलं तर दोन तासांत, ७२ तासांच्या आत तरी पहिला डोस जायलाच हवा.